ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना वजन: टायरात पाणी की बिडाच्या चकत्या?

उसानं भरलेली ट्रॉली फडातून पाणंदीला काढताना मागची चाकं जागेवर फिरायला लागली, की वजन वाढवायचा विचार येतोच. त्याला वाटा दोन. टायरात पाणी भरायचं, नाहीतर चाकाच्या डिस्कला बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं आवळायची. मी एकाच ट्रॅक्टरवर दोन्ही केलंय. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर, मागे 13.6-28 चे टायर. चार हंगाम पाण्यावर काढले, गेले तीन बिडावर. रान कोल्हापूरकडच्या भोगावती नदीकाठचं, निम्मं मळीचं म्हणजे नदीच्या गाळाचं आणि निम्मं काळं. तुमचं रान माळाचं किंवा डोंगरउताराचं असेल तर माझं म्हणणं थोडं बाजूला ठेवून वाचा.

पाण्याबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण त्यानं मला खरंच साथ दिली. व्हॉल्व्ह वर, बाराच्या काट्यावर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर पाऊण भरतो. वरची पाव जागा हवेला ठेवावीच लागते, नाहीतर टायरला लवच राहत नाही. या मापाच्या एका टायरात साधारण पावणेदोनशे लिटर बसतं, म्हणजे दोन्ही चाकांत मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास. एवढं वजन, आणि खर्च जवळजवळ नाहीच. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि ते रिम खातं. आपल्याकडे ती भानगड नाही, विहिरीचं पाणी चालतं. शिवाय पाणी खाली राहतं, म्हणून ट्रॅक्टर जमिनीला धरून चालतो. आमचे मामा पन्हाळ्याच्या बाजूला उतारावर नांगरट करतात. ते पाण्याशिवाय रानात उतरत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

नांगरटीत पाण्याचा फरक मला पहिल्याच दिवशी कळला. पलटी नांगर पूर्ण खोलीवर ठेवूनही चाक घसरत नव्हतं. मी मोजमाप केलं नाही, मागं वळून टायरचा ठसा बघत गेलो. नक्षी पुसून गेली असेल तर वजन कमी पडतंय. अगदी साच्यातून काढल्यासारखी स्वच्छ उठली तर वजन जास्त झालंय, डिझेल वाया चाललंय आणि रान दबतंय. ठसा दिसावा, पण मधे थोडा मोडलेला असावा. रानात दहा ते पंधरा टक्के घसर चांगली धरतात, ती अशी डोळ्यांनी ओळखता येते.

आता ज्या एका त्रासानं माझा कल फिरला तो सांगतो.

जानेवारीत, तोड ऐन भरात असताना, फडाच्या तोंडाशी उजव्या मागच्या टायरात बाभळीचा काटा गेला. साधा टायर असता तर तासाभराचं काम. पण पाण्याचं चाक उतरवायचं तर आधी पाणी काढावं लागतं, त्या वजनाला दोन गडी हात लावू शकत नाहीत. व्हॉल्व्ह खाली आणून पाणी सोडलं. ते पाणंदीवरच पसरलं आणि मागून येणारी शेजाऱ्याची ट्रॉली त्याच चिखलात रुतली. पंक्चरवाला मोटारसायकलवरून आला, ट्यूबला ठिगळ लावलं, हवा भरली आणि गेला. पाणी परत भरायचं कुठून? त्या आठवड्यात मोटरीची लाईट रात्रीची होती. आणि पाणी असलं तरी भरणं सोपं नाही. भोक बारीक, आत कोंडलेली हवा पाण्याला आत येऊ देत नाही. थोडं भरायचं, नळी काढून हवा सोडायची, परत भरायचं. ड्रम उंचावर ठेवून एका टायराला माझा निम्मा दिवस गेलाय.

म्हणून ठरवलं, दोन-तीन दिवस असंच चालवू, एका चाकात पाणी तर आहेच. इथंच चुकलो. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत इंजिनचा जोर वाटणारा गिअर, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे हलकं चाक जेवढं पेलेल तेवढीच ओढ मिळते. डावं पाण्याचं चाक घट्ट धरायचं आणि उजवं मोकळं चाक गरगर फिरायचं. म्हणजे डाव्या चाकातलं सगळं पाणी नुसतं ओझं झालं. दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक दाबला की निघायचं, पण लॉक सरळ चालीसाठी. फडातून पाणंदीला वळताना तो दाबून ठेवता येत नाही, आणि अडायचं नेमकं त्याच वळणावर. तीन दिवस ऊसतोडीची टोळी आमच्यासाठी खोळंबली. तोडलेला ऊस उन्हात वाळतोय, त्याचं वजन घटतंय, हे बघत बसणं मला फार लागलं. पंक्चर सगळ्यांनाच होतं, त्याचं काही नाही. पण एका पंक्चरनं दोन्ही चाकांचं वजन निकामी व्हावं, हे मला पटेना.

पुढच्या हंगामाला बिडाकडे वळलो. कोल्हापुरात बिडाची ओतकामं उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत आहेत, त्यामुळे वजनं मिळवणं अवघड नाही. पण माझ्या मते कंपनीच्या मापाचीच घ्या. डिस्कच्या भोकांशी बोल्ट तंतोतंत जुळले नाहीत तर वजन खडखडतं आणि भोकं मोठी होत जातात. मी प्रत्येक चाकाला पंचेचाळीस किलोच्या दोन चकत्या लावल्या. चारी मिळून एकशे ऐंशी किलो, म्हणजे पाण्याच्या जेमतेम निम्मे. हे मान्य करतो. खोल नांगरटीत पाण्याची पकड जास्त होती, ती मला अजून आठवते. पैसेही गेले. पहिले आठ दिवस रोज बोल्ट आवळावे लागले, आणि रात्री ट्रॅक्टर रस्त्याकडेला सोडायची भीती वाटते, कारण बीड भंगारात लगेच खपतं.

पण ट्रॉली काढायला एवढं वजन मला पुरलं. टायरला पुन्हा हवेची लव आली, त्यामुळे कारखान्याच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर कंबरेला बसणारे दणके कमी झाले. दोनदा पंक्चर झालं, दोन्ही वेळा त्याच दिवशी कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचलो. आणि सर्वात मोठी सोय म्हणजे वजन उतरवता येतं. लागणीच्या आधी रोटर मारताना किंवा जूनमध्ये वाफसा जेमतेम, म्हणजे रान अजून ओलं असताना मला जड ट्रॅक्टर रानात नको असतो. पाणी असताना हे कळत होतं, पण काढायचा कंटाळा म्हणून बारा महिने ते तसंच राहायचं आणि मळीचं रान उगाच दबायचं. आता दोन गडी अर्ध्या तासात चकत्या उतरवतात.

पुढच्या बंपरची वजनं मात्र दोन्हीकडे लागतातच. विशेषतः दोनचाकी ट्रॉली असेल तर, कारण तिचा भार हुकावर येतो आणि चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. चारचाकी ट्रॉली आपलं वजन आपणच पेलते, म्हणून तिथं मागचं चाक जास्त फिरतं.

तुमचं मुख्य काम नांगरटीचं असेल, रान उताराचं असेल आणि पाण्याची सोय घराजवळ असेल, तर पाणी घ्यायला माझी ना नाही. फक्त पाणी भरायचं नोझल स्वतःच्या टूलबॉक्समध्ये ठेवा, पंक्चरवाल्याकडे असेल या भरवशावर राहू नका. आणि एका चाकातलं पाणी गेलं तर त्याच दिवशी दुसऱ्यातलंही सोडून द्या.