बर्डीतून आणलेलं जुनं रेड कार्ड, वापरून झाल्यावर

मागच्या हिवाळ्यात नागपुरात बर्डीतल्या एका दुकानातून एलएसआयचं मेगारेड ९२६०-८आय हे रेड कार्ड घेतलं, सेकंड हॅन्ड. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच ड्राइव्ह बनवायची, एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून. माझं काम लग्नाच्या शूटिंगचं, चार टीबीच्या चार डिस्क, आधी मदरबोर्डवरच्या रेडवर होत्या. ते रेड नावापुरतंच बाप्पा, सगळा हिशेब ड्रायव्हर आणि पीसीचा प्रोसेसर करतो. ह्या कार्डाला स्वतःचा प्रोसेसर, ५१२ एमबी कॅश (डिस्कवर लिहायचा डेटा आधी इथं थांबतो), दोन सॉकेटवर आठ डिस्क. रेड ५ लावलं (एक डिस्क गेली तरी डेटा राहतो), १२ टीबी मिळाले, एकीकडे तीन कॅमेऱ्यांचं फुटेज कॉपी होतंय आणि दुसरीकडे पोरगा एडिट करतोय तरी अडकत नाही. स्पीडला पूर्ण मार्क.

पण बॅटरी! दुकानदार म्हणे भाऊ एकदम ओके आहे, आणि आठवड्यात कॉपी रांगायला लागली. लाईट गेली तर कॅशमधला डेटा ही बॅटरी सांभाळते, ती मेली की कार्ड आपोआप राइट-थ्रूवर जातं, डिस्कवर लिहून झाल्याशिवाय झालं म्हणत नाही. कार्ड शहाणंच आहे, मीच तपासून घेतलं नाही. दोन चकरा मारल्यावर बदलून मिळाली.

खरी मजा नवतपात, मे अखेरच्या कडक उन्हात. एक सेकंद बीप, एक सेकंद शांत, असं दोन दिवस चाललं आणि आम्ही यूपीएसला शिव्या घालत होतो! तिसऱ्या दिवशी कॅबिनेटला कान लावला तर आवाज कार्डाचा, एक डिस्क गेलेली. उबंटूमध्ये बघायला गेलो तर चारही डिस्क मिळून एकच ड्राइव्ह दिसते, कोणाची तब्येत कशी ते कळायला मार्ग नाही. स्मार्टसीटीएल म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड, तिला मेगारेड आणि डिस्कचा नंबर सांगावा लागतो, तेव्हा कुठे आतलं दिसतं. दिसलं ते असं की दुसऱ्या एका डिस्कचा १९७ नंबर, म्हणजे पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे), तोही वाढतोय. रेड ५ मध्ये दुसरी गेली की खेळ खल्लास. नवी डिस्क लावली, रिबिल्ड, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून नवीवर डेटा पुन्हा तयार होणं, दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं, तोवर घशाखाली घास नाही. मग ती दुसरीही बदलली आणि सगळा डेटा बाहेर काढून रेड ६ केलं (यात दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो), चार टीबी गेले तर गेले.

अजून एक, कार्डावर नुसता हीटसिंक आहे, सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनलेला. आपल्या इथं ४५ डिग्रीत साध्या कॅबिनेटमध्ये तो हात लावू देत नाही. झिप टायने छोटा पंखा बांधलाय. कूलरचं तोंड मात्र पीसीकडे करू नका, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. आता रोज सकाळी स्क्रिप्ट चारही डिस्क आणि बॅटरी तपासून मेल टाकते, जे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं.

ज्याला लिनक्स येतं त्याने साधं एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) घेऊन एमडीएडीएम (लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड) वापरावं असं माझं मत, डिस्क सरळ दिसतात आणि कार्ड मेलं तर तसंच कार्ड शोधत फिरावं लागत नाही. हेच घ्यायचं असेल तर त्या दुकानात अजून दोन पडून आहेत, पण बॅटरी तिथंच लावून दाखवायला सांगा.