खिडक्यांचा पाइप आणि सर्ज व्हॉल्व्ह : आठ महिने वापरून

ऐन दुसऱ्या पाण्याला सर्ज व्हॉल्व्हचा टायमर बंद पडला, म्हणून आज लिहितोय. हा व्हॉल्व्ह टायमरवर फिरतो आणि पाणी आलटून-पालटून डावीकडच्या आणि उजवीकडच्या सऱ्यांना सोडतो. विक्रेत्याचं उत्तर एकच, "काढून पाठवा, बघतो." पिकाने माना टाकलेल्या असताना व्हॉल्व्ह काढून पाठवायचा कसा?

आधी पाइपबद्दल. याला सरीत पाणी सोडायला उघडझाप होणाऱ्या छोट्या खिडक्या असतात. मातीच्या पाटात मुरणारं पाणी वाचलं, दारं धरायला एकच माणूस पुरतो. हे काम चोख. पण खिडक्यांचे रबरी वॉशर! तिसऱ्या महिन्यातच उन्हाने कडक पडले. बंद खिडकीखाली लिटरचं माप धरलं तर ४० सेकंदांत भरलं, म्हणजे तासाला ९० लिटर. अशा २० खिडक्या गळत होत्या. सहा तासांच्या पाळीत १०,८०० लिटर! आणि हे पाणी पडतं सरीच्या तोंडाशी, जिथे आधीच सगळ्यात जास्त मुरतं. मुळांच्या खाली उतरलं की गेलंच, जाताना नत्रही घेऊन जातं. एवढ्याशा रबरापायी इतकं पाणी जावं, हे मला अजून सहन होत नाही.

आता व्हॉल्व्ह. माझ्या सऱ्या १८० मीटर लांब, माती मध्यम पोयट्याची. सरीला सेकंदाला एक लिटर सोडून सलग पाणी दिलं की टोक गाठायला तीन तास लागायचे. हेही १०,८०० लिटरच, म्हणजे सगळ्या खिडक्या मिळून एका अख्ख्या सरीचं पाणी गळत होतं. थांबून-थांबून दिल्यावर २०, २५, ३० आणि ३५ मिनिटांच्या चार हप्त्यांत पाणी टोकाला गेलं. ११० मिनिटं, ६,६०० लिटर. मधल्या वेळात ओली माती बसते, वरची छिद्रं बुजतात आणि पुढचा लोंढा तिच्यावरून सरसर पुढे जातो. सरीचं तोंड आणि टोक यांच्या ओलीतला फरकही कमी झाला. दुसऱ्या दिवशी सळई खुपसून बघा, लगेच कळतं.

टायमर गेला त्या दिवशी पाना लावून व्हॉल्व्हचं पातं हातानेच फिरवलं. मोबाइलवर गजर लावून डावीकडे, उजवीकडे. पाणी तेवढ्याच वेळात टोकाला! तेव्हा माझं मत बदललं. पाणी वाचवते ती मधली विश्रांती, टायमर फक्त आपली झोप वाचवतो. रात्रीची पाळी असेल तर तीही हवीच, म्हणून टायमर बिनकामाचा म्हणणार नाही.

चौथ्या पाण्यानंतर मत पुन्हा थोडं बदललं. माती एकदा बसली की फरक अगदीच कमी उरतो. खरा फायदा मशागतीनंतरच्या पहिल्या एक-दोन पाण्यांना. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत पाणी आधी भेगांतच शिरतं, तिथे एवढ्याची अपेक्षा धरू नका. रानात उंचसखल असेल तर आधी सपाटीकरण करून ढाळ सारखा करून घ्या, नाहीतर खळग्यात पाणी तुंबतं आणि उंचवटा कोरडा राहतो.

टोक गाठल्यावर मी छोटे हप्ते ठेवतो, त्यामुळे बांधाबाहेर वाहून जाणारं पाणी जवळजवळ थांबलं.

घेणार असाल तर खिडकीचा वॉशर हाताने काढून, वाकवून बघा आणि सुटे वॉशर त्याच दिवशी मागून घ्या. मला नंतर मिळाले ते दुसऱ्याच मापाचे. सध्या गळक्या खिडक्यांवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्यात. त्यातल्या तीन अजून ठिबकतात.