तापणारी जुनी गाडी: बाहेरून भागेल की हेड खोलावं लागेल?

एप्रिल लागला की तालुक्याच्या गॅरेजांपुढे बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग लागते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५-४६ वर जातो, अकोला-वर्धाही फार मागे नसतात. बारा-पंधरा वर्षं चाललेल्या अल्टो, इंडिका, बोलेरोचं जे दुखणं थंडीत झाकून गेलेलं असतं, ते या दोन महिन्यांत वर येतं. अशा वेळी मिस्त्रीचा ठरलेला शब्द म्हणजे "गास्केट गेलं, हेड खोलावं लागेल." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं इंजिनाचं झाकण, आणि गास्केट म्हणजे ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला, गॅस-पाणी अडवणारा पातळ थर. कधी ते खरंच असतं. पण गाडी तापायची बरीचशी कारणं हेडच्या बाहेर असतात आणि त्यांचा खर्च शेकड्यांत किंवा दोन-चार हजारांत भागतो. हेड एकदा खोललं की गास्केट सेट, लेथवरचं फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), ऑइल, कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा द्रव), मजुरी असं बिल वाढत जातं, आणि गाडी आठवडाभर उभी राहते. म्हणून हो म्हणण्याआधी दोष बाहेरचा की आतला, हे पक्कं करून घ्या. त्यासाठीच्या बऱ्याच तपासण्या फुकटच्या आहेत.

गाडी नेमकी कधी तापते?

अर्धं निदान इथेच होतं. बाजारात, फाटकावर उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि रस्त्याला लागली की उतरतो, तर संशय पंख्यावर. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. उलट गावात ठीक, पण समृद्धीवर शंभरच्या वेगात अर्धा तास गेला की किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा थंड होत नाही. म्हणजे रेडिएटर (इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी) आतून चोंदला, पाणी फिरवणारा वॉटर पंप थकला किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, पूर्ण उघडत नाही.

आतल्या दोषाचं वागणं वेगळं असतं. गार इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात पाणी रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत ढकललं जातं, कुठेही गळती नसताना पाणी कमी होत राहतं, आणि काटा वेगाशी किंवा उन्हाशी काही संबंध नसल्यासारखा वरखाली करतो.

काट्यावर फार विसंबू नका. पाणी निम्म्याच्या खाली गेलं तर सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली उतरतो. चढलेला काटा अचानक पडला, तर ती खुशखबर समजू नका. गाडी बाजूला घ्या.

बाहेरचे संशयित

पंख्यापासून सुरुवात करा. अल्टो-इंडिकासारख्या गाड्यांत तो विजेवर चालतो. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. नाही फिरला तर त्याचा सॉकेट काढून मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. आता फिरला तर मोटर चांगली आहे. दोष फ्यूज, रिले किंवा सेन्सरमध्ये शोधा. थेट देऊनही फिरला नाही, तर मोटर गेली. मोटर नुकतीच बदललेली असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. वायर उलट जोडल्या गेल्या की पंखा उलटा फिरतो, आवाज नेहमीसारखाच येतो, पण हवा चुकीच्या दिशेला जाते. जाळीपुढे कागद धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. जुन्या बोलेरो-सुमोत पंखा पट्ट्यावर चालतो, तिथे पट्टा ढिला आहे का ते पाहा. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे.

त्यानंतर रेडिएटर, पण बाहेरून. समोरून जाळीत डोकावलं की स्वच्छ दिसतो आणि तिथेच फसगत होते. एसीच्या गाडीत पुढे दिसतो तो कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी जाळी. रेडिएटर त्याच्या मागे. या दोघांच्या मधल्या बोटभर फटीत पांदण रस्त्याची धूळ, पावसाळ्यात उडालेली काळी माती आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या वाटेवर उडणारे रुईचे तंतू अडकून एक थर बनतो, अगदी नमद्यासारखा. दोन बोल्ट सोडून कंडेन्सर थोडा पुढे ओढला की तो दिसतो. पाणी नेहमी इंजिनच्या बाजूने पुढे मारा आणि जोर कमी ठेवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून लावला तर पातळ पत्रे वाकून हवेची वाट कायमची बुजते.

रेडिएटर आतून खराब होतो तो मुख्यतः पाण्यामुळे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं म्हणजे क्षार आणि गंजाला आमंत्रण. बाकीच्या विदर्भातही हापशाचं पाणी जड असतंच. नळ्या चोंदल्या आहेत का हे हाताने कळतं. इंजिन तापवून बंद करा, पंख्याचा सॉकेट काढा, मग रेडिएटरवरून हळूच हात फिरवा. कुठे गरम, कुठे गार असे पट्टे लागले तर तेवढा भाग बंद आहे. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करता येतं. ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरला रॉडिंग करून घेऊ नका, नवाच बसवा. त्यात कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. विदर्भात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं म्हणणारे भेटतात. पण इथे त्याचं मोठं काम गंज रोखणं हे आहे.

रेडिएटरची कॅप (झाकण) ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. ०.९ बारची कॅप दाब धरून ठेवते, म्हणून साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर कडक झालं की दाब सुटतो, पाणी १०० लाच उकळतं, बाटलीत उसळतं आणि चित्र हुबेहूब गेलेल्या गास्केटसारखं दिसतं. आधी नवी कॅप लावून पाहा. तिच्यावर छापलेला आकडा जुन्याइतकाच हवा.

थर्मोस्टॅटबद्दल आपल्याकडे एक वाईट सवय आहे: तो काढून फेकायचा. त्याने काही गाड्या थंड चालतात, पण डिझेल-पेट्रोल जास्त पितात आणि इंजिन लवकर झिजतं. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनमध्ये जातं आणि गाडी जास्तच तापते. तपासायला भांड्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, पाणी तापवा. तो साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. उकळत्या पाण्यातही जो पूर्ण उघडत नाही, तो गेला.

वॉटर पंप जायला लागला की खालच्या बारीक छिद्रातून टिपकतो, पुली हाताने हलवली की लडबडते. गळत नाही म्हणजे पंप चांगला, असं मात्र नाही. आतलं पातं गंजून खाल्लं गेलं असेल तर पंप फिरतो, पाणी ढकलत नाही.

आतला दोष ओळखायच्या तपासण्या

या गार इंजिनवरच करायच्या. तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडू नका. पाऊण तास थांबा.

कॅप काढा, रेडिएटर काठोकाठ भरा, इंजिन सुरू करा. पहिल्या मिनिटभरात थोडे बुडबुडे येतीलच. नुकतंच पाणी भरलं असेल तर अडकलेली हवा निघते. ते थांबले तर काळजी नको. पाणी तापायच्या आधीपासून बुडबुडे एकसारखे येत असतील आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. दुसरी तपासणी: कॅप लावून गार इंजिन सुरू करा आणि वरचा मोठा होज पाइप दाबून पाहा. एक-दोन मिनिटांत, पाइप अजून गार असतानाच, तो दगडासारखा टणक झाला तर दाब पाण्याच्या उष्णतेचा नाही, सिलिंडरचा आहे.

या दोन्ही तपासण्या एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच पुढे जा. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगल्या गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची टेस्ट मिळते. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वरची हवा त्या द्रवातून ओढतात. जळालेला वायू असेल तर रंग पेट्रोल गाडीत पिवळा, डिझेलमध्ये हिरवट होतो. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेजही लावून घ्या. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय (दाबाचं एकक) येतं, पण एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलका असतो. शेजारचे दोनच सिलिंडर सारखे पडलेले असतील तर त्यांच्या मधलं गास्केट गेलंय.

गास्केटचा आळ येतो, पण दोष दुसराच

ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधी मळ दिसला की लगेच "पाणी ऑइलमध्ये उतरलं" असं सांगितलं जातं. पावसाळ्यात रोज घर ते बाजार एवढीच गाडी चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमट वाफारा झाकणाला धरतो आणि तसाच मळ बनतो. डिपस्टिक ओढून पाहा. तिथलं ऑइल स्वच्छ असेल आणि पातळी वाढलेली नसेल तर मळ पुसा आणि गाडी एकदा लांब चालवा. डिपस्टिकवरच दुधी चहा दिसला तर इंजिन पुन्हा सुरू करू नका. त्या ऑइलवर बेअरिंग फार तग धरत नाहीत.

पांढऱ्या धुराचंही तसंच. डिसेंबरच्या सकाळी पाच मिनिटं निघणारी वाफ साधी असते. डिझेल गाडीचा सकाळचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर ते न जळालेलं डिझेल. हीटर प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) तपासा. गाडी तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर सुरूच राहिला, तर कूलंट जळतंय. कॉमन रेल (नव्या पद्धतीच्या) डिझेलमध्ये इथेही एक फाटा फुटतो: ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने गार करणारा भाग, आतून फुटला तरी कूलंट सायलेन्सरवाटे जातं आणि सगळं गास्केटसारखंच दिसतं. कूलरला वळसा देऊन पाहिल्याशिवाय अशा गाडीचं हेड खोलू देऊ नका. पाणी कमी होतंय पण धूर नाही, तर ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची मॅट उचला. ओली आणि चिकट लागली तर हीटरची कॉइल गळतेय.

हेड खोलायचंच ठरलं तर

काम कुठे होतं याला महत्त्व आहे. गावातला मिस्त्री हेड काढू-बसवू शकतो, पण फेसिंग चांगल्या लेथवाल्याकडेच व्हावं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालतात. बहुतेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. ब्लॉकचा पृष्ठभागही तसाच तपासायला सांगा, तो हमखास विसरला जातो. हेडला तडा आहे का, यासाठी प्रेशर टेस्ट करून घ्या. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्यानेच (आवळायचा जोर मोजणाऱ्या) आवळले पाहिजेत. "हाताचा अंदाज आहे" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये, तो कितीही अनुभवी असो. आणि मूळ कारण बाहेरचं असेल, म्हणजे चोंदलेला रेडिएटर तसाच ठेवून हेड बसवलं, तर पुढच्या मे महिन्यात तेच काम पुन्हा निघेल.

वाटेत तापली तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि गाडीच्या आतला पंखा जोरात लावा, काचा खाली घ्या. ४५ अंशांत हे शिक्षेसारखं वाटतं, पण हीटरची कॉइल छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा उतरला नाही तर इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

निळा धूर असेल तर हिशोब वेगळा

तापणं आणि ऑइल जळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. मिस्त्री मात्र एकाच बिलात बसवतो. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा फवारा दिला आणि मग साफ झाली, तर हेडमधलं ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणाऱ्या व्हॉल्व्ह सील कडक झाल्यात. चढावर, ॲक्सिलरेटरवर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. टर्बोच्या गाडीत टर्बोचं सीलही असा धूर काढतं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. ते थडथड नाचलं आणि धुराचे झोत आले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांजवळून खाली उतरतोय. पेट्रोल गाडीत खात्री करायला कमी कॉम्प्रेशनच्या सिलिंडरमध्ये एक चमचा ऑइल टाकून पुन्हा गेज लावा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट. डिझेलमध्ये हा प्रयोग नको. तिथे जागा इतकी कमी असते की आकडा उगाच फुगतो.

सील गेल्या असतील तर बदला, काम आटोक्यातलं आहे. रिंगा झिजल्या असतील आणि ऑइल हजार किलोमीटरला पाव लिटर लागत असेल, तर आमचं मत सरळ आहे: ऑइल टाकत चला. एक लिटरच्या जवळ गेलं की मगच इंजिन कामाचा विचार करा. आणि त्याआधी आरसी काढून तारीख पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२ पासून १५ ते २० वर्षांच्या मोटारीला त्याची फी ५,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. मुदत वर्षाभरात संपत असेल आणि खालचा पत्रा गंजून गेला असेल, तर इंजिन कामाचे पैसे त्या गाडीत घालू नका. बॉडी धड असेल तर तेवढ्याच पैशांत आणखी पाच वर्षं निघतात, फक्त बोरिंगचं (झिजलेले सिलिंडर घासून गोल करण्याचं) बिल आणि बदललेले पिस्टन-रिंग हातात घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.