नोडल रेल, हगिन आणि चंद्रताल: काही महिन्यांच्या वापरानंतर

अनेक फोटो जोडून एक रुंद फोटो (पॅनोरमा) करायच्या माझ्या किटबद्दल कस्टमर केअरचं शेवटचं उत्तर आलं: 'फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही.' म्हणून आत्ताच लिहितो, नाहीतर आणखी एक सहल झाल्यावरच लिहिणार होतो. ब्रँडचं नाव देत नाही. फिरती चकती, वर नोडल रेल, एल-ब्रॅकेट (कॅमेरा उभा बसवायची काटकोनी पट्टी) आणि गोल बुडबुड्याची लेव्हल, असली पॅनोरमा किटं वेगवेगळ्या शिक्क्यांखाली ढिगाने मिळतात. रेलवर कॅमेरा मागे-पुढे सरकवून लेन्सचा योग्य बिंदू फिरण्याच्या अक्षावर आणायचा असतो. माझं भांडण त्या बुडबुड्याशी आहे.

सप्टेंबरात मनालीहून ग्रामफू, छत्रू, बातल असं करत चंद्रताल हे तळं आणि पुढे कुंझुम खिंडीतून काझा. त्या रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको, नाले ओलांडताना डिकीतली एकही वस्तू जागेवर राहत नाही. लेव्हलची डबी चकतीवर नुसती गोंदाने चिकटवलेली आहे. स्क्रू नाही, खाच नाही. बातलला किट बाहेर काढलं तर डबी एका बाजूने उचकटलेली. खोक्यावर मात्र नदीतून जाणाऱ्या जीपचं चित्र छापलंय!

'एवढ्याशा बुडबुड्याने काय होतं?' असं केअरवाल्या मुलाने मला फोनवर विचारलं. सांगतो काय होतं. चकतीचा अक्ष कलला की कॅमेरा फिरवताना फ्रेम एका टोकाला वर चढत जातात. जोडल्यावर क्षितिज सॉफ्टवेअर सरळ करतं, पण मग चौकट कापावी लागते. कुंझुमच्या पॅनोरमात या कापाकापीत एका बाजूला शिखरांचे माथे गेले आणि दुसऱ्या बाजूला खिंडीतल्या प्रार्थना-पताकांचा खालचा अर्धा भाग. जे टिपलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही.

आता रेलबद्दल. पहिले काही आठवडे माझं ठाम मत होतं की हे पैसे पाण्यात गेले. सह्याद्रीत लांबचे डोंगर काढताना रेल लावा की हातात धरून काढा, जोड सारखीच बसते. पॅरॅलॅक्सचा (कॅमेरा जागेवरून हलला की जवळची वस्तू मागच्या दृश्यापुढे सरकल्याचा) त्रास जवळच्या वस्तूंचा. चंद्रतालला मत बदललं. काठावरचे दगड अगदी पुढ्यात, मागे लांबवर बर्फाची शिखरं. त्याच जागेवरून रेलशिवाय काढलेल्या फ्रेममध्ये दगड जोडावर दुभंगले. रेल लावून, लेन्सचा एन्ट्रन्स प्युपिल (लेन्समध्ये समोरून पाहिल्यावर दिसणारं छिद्र) फिरण्याच्या अक्षावर आणून काढलेल्या फ्रेममध्ये एकही दगड तुटला नाही. तेव्हा रेलला पूर्ण गुण. डबीला शून्य.

खरा आनंद मात्र फुकटच्या गोष्टीने दिला. दरमहा पैसे कापणारी सॉफ्टवेअर मी घेत नाही, म्हणून हगिन वापरतो. हेल्मुट डेर्श यांच्या पॅनोरमा टूल्स या प्रोग्रॅमवर उभं राहिलेलं, फोटो जोडायचं मुक्त सॉफ्टवेअर. दिसायला रुक्ष आहे आणि टॅब बघून आधी घाम फुटतो, पण काय काम करतं! कुंझुमला फडफडणाऱ्या पताका दोन फ्रेममध्ये दोन जागी होत्या. मास्क टॅबमध्ये एका फ्रेममधल्या झाकल्या, भुतं (दुहेरी दिसणाऱ्या पताका) गेली. आपोआप शोधलेले कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेममधली एकच जागा दाखवणाऱ्या खुणा) ढगांवर बसले असतील तर तेवढे उडवा, कारण पुढची फ्रेम काढेपर्यंत ढग सरकलेला असतो. आकाशातले उभे पट्टे फोटोमेट्रिक ऑप्टिमायझेशनने (फ्रेमचा उजेड आणि रंग जुळवण्याने) बरेचसे मिटले. राहिलेला एक गडद डाग पोलरायझरचा, म्हणजे आकाश गडद करणाऱ्या फिल्टरचा होता. सूर्यापासून ९० अंशांवर आकाश सगळ्यात जास्त काळवंडतं, त्यामुळे रुंद पॅनोरमाला पोलरायझर काढूनच ठेवा. एक्स्पोजर मॅन्युअल, फोकस आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद, कॅमेरा उभा, शेजारच्या फ्रेमशी साधारण तिसरा हिस्सा सामाईक. एवढं पुरतं.

चंद्रतालच्या फ्रेमही कललेल्याच होत्या. क्षितिज सरळ करायला हगिनला उभ्या रेषा दिल्या तर सोपं जातं, आणि तिथे ना इमारत ना विजेचा खांब. पलीकडचा काठ आडवी रेषा म्हणून दिला तर चित्र आणखी वाकडं झालं, कारण काठ कुठे जवळ तर कुठे लांब असतो, तो क्षितिज नव्हे. मग एक युक्ती कळली. सकाळी वारा सुटायच्या आधी पाणी स्थिर होतं. शिखर आणि त्याचं प्रतिबिंब नेहमी एकाच उभ्या रेषेत असतात. कंट्रोल पॉइंट टॅबमध्ये दोन्हीकडे तीच फ्रेम निवडायची, एक बिंदू शिखराच्या टोकावर, दुसरा पाण्यातल्या टोकावर, प्रकार उभी रेषा. अशा जोड्या पॅनोरमाच्या दोन्ही टोकांकडे दिल्या, ऑप्टिमाइझ दाबलं आणि सापासारखा वळलेला काठ जागेवर आला. त्या रात्री घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवणार होतो, बायकोने डोळे वटारले.

डबी वाकडी बसलेली असली तरी तिच्यावर काम चालवता येतं, हेही परत आल्यावर समजलं. ती फिरणाऱ्या भागावर बसवलेली असेल तर बुडबुडा मध्यभागी आणायच्या नादाला लागू नका. चकती पूर्ण फिरवताना बुडबुडा डबीत एकाच जागी स्थिर राहील असे ट्रायपॉडचे पाय लहानमोठे करा. मध्यापासून बाजूला राहिला तरी चालेल, अक्ष उभा झालेला असतो. पण हे ग्राहकाने शोधायचं आणि कंपनीने 'फिजिकल डॅमेज' म्हणायचं, हे मला अजून पचलेलं नाही.

घ्यावं का? समोर मोकळं मैदान आणि डोंगर लांब असतील तर नको, हातात धरून काढा आणि पैसे डिझेलला ठेवा. गाडीचं बॉनेट, दगड, तंबूच्या दोऱ्या चौकटीत घ्यायच्या असतील तर घ्या. घेतल्यावर डबी एपॉक्सीने पक्की करा आणि किट डिकीत न टाकता मांडीवर किंवा कपड्यांच्या बॅगेत ठेवा. रेलचा बोल्ट हरवला तर कंपनीचं महागडं 'स्पेअर पाऊच' मागवू नका. पाव इंची, इंचाला २० आटे असलेला तोच बोल्ट कॅमेऱ्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो.