फिनॉक्सिबेंझामाइन की फेंटोलामाइन?

दोन्ही औषधे अल्फा ग्राहींवरील (पेशींवरच्या, ॲड्रेनॅलिन जिथे चिकटते त्या जागांवरील) ॲड्रेनॅलिनचा परिणाम रोखून रक्तवाहिन्या सैल करतात. खरा फरक आहे तो पकडीचा. फिनॉक्सिबेंझामाइनमधील क्लोरीन निघून जाताच नायट्रोजनसह तीन अणूंचे ताणलेले वलय तयार होते आणि ते ग्राहीशी सहसंयुज, म्हणजे सहज न तुटणारा रासायनिक बंध जोडते, त्यामुळे परिणाम 3 ते 4 दिवस टिकतो. अधिवृक्क ग्रंथीतील, ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके सोडणाऱ्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीच्या शस्त्रक्रियेपूर्वी हीच चिवट पकड मोलाची ठरते. (हृदयाची गती कमी करणारे बीटा-रोधक औषध फिनॉक्सिबेंझामाइनच्या आधी सुरू करू नये, हे आवर्जून सांगायला हवे, रक्तदाब धोकादायकरीत्या भडकू शकतो.) इमिडाझोलिन या रासायनिक गटातील फेंटोलामाइन मात्र ग्राहीवरून सहज सुटते आणि लवकर ओसरते. शिरेतून दिलेले, रक्तवाहिन्या आवळणारे नॉरॲड्रेनॅलिन शिरेबाहेर झिरपून त्वचा पांढरी पडू लागली, तर तिथे टोचण्यासाठी तेच योग्य.