सँडलर किंवा जिम कॅरी डोक्यात जातो? मग 'पंच-ड्रंक लव्ह' बघावा की 'इटर्नल सनशाइन'?

हॉलिवूडचे हे दोन कॉमेडी नट. अ‍ॅडम सँडलरची आरडाओरड आणि जिम कॅरीची वेडीवाकडी तोंडं, मला दोन्ही फारसं झेपत नाही. पण दोघांचा एकेक पिच्चर असा आहे की नुसतं हिरोचं नाव बघून सोडून दिला तर नुकसान आपलंच. सँडलरचा 'पंच-ड्रंक लव्ह' (२००२, दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन) आणि कॅरीचा 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' (२००४, दिग्दर्शक मिशेल गाँड्री). दोन्ही विक्षिप्त लव्हस्टोऱ्या, संगीतही दोन्हीला जॉन ब्रायनचंच, फरक आहे तो नटाला वापरलंय कसं यात.

गाँड्रीने कॅरीचा आवाज पार खाली आणलाय. त्याचा जोएल मान खाली घालून पुटपुटणारा माणूस, सगळी धमाल केट विन्स्लेटकडे (तिच्या केसांच्या रंगावर लक्ष ठेवा, गोष्ट आत्ता कुठल्या काळात आहे ते त्यावरून कळतं). जोएल प्रेयसीच्या आठवणी डोक्यातून पुसून घेत असतो, आणि जुना कॅरी डोकावतो तो त्यातल्या लहानपणीच्या आठवणींत, जिथे तो स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली पोर होऊन बसलाय, आणि तिथे ते शोभतं. तो एवढासा दिसतो ती कॉम्प्युटरची करामत नाही, सेटच तसा बांधलाय आणि कॅमेरा तसा लावलाय. स्क्रिप्टला ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्यच.

अँडरसनने मात्र उलटंच केलंय. सँडलरचा जो राग त्याच्या कॉमेडी पिच्चरमध्ये हसायला म्हणून येतो तोच इथे तसाच ठेवलाय, फक्त आता हसू येत नाही, काळजी वाटते. सँडलरच्या बॅरीला सात बहिणी, पार्टीत त्या लहानपणीच्या चिडवण्याची आठवण काढून हसत बसतात आणि हा अचानक लाथा घालून काचेची दारं फोडतो. मग एका मेव्हण्याला बाजूला घेऊन हळूच सांगतो की मला कधीकधी खूप रडायला येतं, तुम्ही डॉक्टर आहात ना, काही मदत होईल का. मेव्हणा दातांचा डॉक्टर! तिथे सँडलर ज्या पद्धतीने चेहरा झाकून एकदम रडायला लागतो ना, त्या सीनने माझं मत बदललं. कान चित्रपट महोत्सवात अँडरसनला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, पण माझ्या मते निम्मं श्रेय या माणसाचं आहे.

तर नट अजिबातच सहन होत नसेल तर 'इटर्नल सनशाइन' घ्या, त्यात कॅरी आहे हे तुम्ही लवकरच विसराल, गोष्ट मात्र उलटसुलट जाते त्यामुळे फोन बाजूला ठेवून बघा. नटाबद्दल नुसती शंका असेल आणि ती फिटावी असं वाटत असेल तर बेधडक 'पंच-ड्रंक लव्ह', माझा जास्त आवडता तोच, आणि आहे पण जेमतेम दीड तासाचा. सुरुवातीला त्यातलं संगीत मुद्दाम अंगावर येतं, ठोके, खडखडाट, कुणाचं बोलणं धड ऐकू देत नाही, बॅरीच्या डोक्यातला गोंधळच आहे तो, त्यामुळे वैतागून बंद करू नका, निदान तो हवाईला पोचेपर्यंत तरी थांबा.