हजार प्रतींची आवृत्ती, जी कधी छापलीच गेली नाही

जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झाल्यावर मी 1972 च्या दुष्काळातल्या माणदेशाच्या आठवणी लिहून काढल्या. आई खडी फोडायला जाई आणि आम्हां भावंडांसाठी पदरात सुकडी बांधून आणी, त्या दिवसांचे ते लेखन आहे. ते पुस्तकरूपाने यावे या इच्छेपोटी माझे 68,500 रुपये गेले. हौशी लेखकांपैकी कोणी अशाच वाटेवर उभे असेल, तर त्यांना वेळीच कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात 999 रुपयांच्या तीन दिवसांच्या ऑनलाइन लेखन कार्यशाळेने झाली. तिथे सांगितलेल्या गोष्टी चुकीच्या नव्हत्या, हे मुद्दाम नोंदवते. प्रसंग सांगू नका, तो दिसू द्या. पहिला खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. संवाद मोठ्याने वाचून पाहा. हा सल्ला आजही मला योग्य वाटतो, आणि तो योग्य असल्यामुळेच पुढचे सगळे मी विश्वासाने ऐकले. चौथ्या दिवशी त्यांच्याकडून फोन आला. माझे हस्तलिखित 'निवड समितीने' निवडले असून संपादन, मुखपृष्ठ, हजार प्रतींची आवृत्ती आणि राज्यभर वितरण मिळून 45,000 रुपये भरायचे आहेत, असे सांगण्यात आले. हस्तलिखित निवडणारा प्रकाशक लेखकाकडे पैसे का मागतो, हा प्रश्न त्या क्षणी मला पडायला हवा होता; पण 'निवडले' या एका शब्दाने मी भारावून गेले होते.

त्यानंतर आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, 3,500 आणि कॉपीराइट नोंदणीसाठी 6,000 रुपये घेतले गेले. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीचे सरकारी शुल्क 500 रुपये आहे आणि तीही सक्तीची नाही, कारण कृती लिहिली गेली की तिच्यावर लेखकाचा हक्क आपोआप निर्माण होतो. हे सगळे मला पैसे भरून झाल्यावर कळले.

शेवटचे 14,000 रुपये 'बेस्टसेलर प्रसिद्धी'चे. एका ठरावीक संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत ओळखीच्या तीस जणांना पुस्तक विकत घ्यायला लावा, अशी सूचना आली. माझ्या वहिनींनी, भाच्यांनी, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी माझ्या शब्दाखातर प्रती मागवल्या. रात्री मला ऑनलाइन विक्रीच्या यादीतल्या एका अगदी लहान उपविभागात माझ्या पुस्तकाचा पहिला क्रमांक दाखवणारे छायाचित्र मिळाले. विक्रीची अशी क्रमवारी सतत बदलत असते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुस्तक त्या यादीतून नाहीसे झाले होते. ते चौदा हजार रुपये देऊन मला एकही अनोळखी वाचक मिळाला नाही.

घरी साठ प्रतींचे खोके आले. उरलेल्या प्रती वितरकांकडे गेल्या, असे सांगण्यात आले. मी पुस्तक उघडले आणि दुष्काळाच्या प्रकरणावरच थांबले. संपादनाच्या नावाखाली कोणीतरी 'सुकडी' हा शब्द सगळीकडे बदलून 'सुकट' केला होता. दुष्काळी कामावरच्या मजुरांना मिळणारे ते पौष्टिक पीठ माझ्या पुस्तकात वाळवलेली मासळी झाले होते, आणि माझी आई तेच पदरात बांधून आणत होती. ते पान वाचताना मला जे वाटले, ते गेलेल्या पैशांहून फार मोठे होते. मुद्रितशोधनाची शेवटची प्रत मला तपासायला पाठवलीच गेली नव्हती, आणि ती मागण्याचा मला अधिकार आहे हेही मला ठाऊक नव्हते.

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापुरात छापखाना चालवतो. त्याने पान दिव्याखाली तिरके धरले. "बाई, ही अक्षरं चमकतात बघा. हे टोनरचं, म्हणजे कोरड्या शाईच्या पुडीचं, डिजिटल काम आहे. हजार प्रती असत्या तर ऑफसेटच्या मोठ्या यंत्रावर छापल्या असत्या, ते स्वस्त पडतं," तो म्हणाला. अशा डिजिटल यंत्रावर मागणी येईल तशा थोड्या थोड्या प्रती छापणे हा काही गुन्हा नाही. परंतु हजारांच्या आवृत्तीचे पैसे घेऊन तसे करणे ही सरळ फसवणूक आहे. मी छापखान्याचे बिल आणि वितरकांची नावे लेखी मागितली. तेव्हापासून माझ्या फोनला उत्तर मिळालेले नाही.

करारपत्र वकिलांना दाखवले, तेव्हा त्यात हक्क किती काळासाठी दिले याचा उल्लेखच नसल्याचे आढळले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, त्यामुळे माझे लिखाण कायमचे गेलेले नाही, एवढा दिलासा मिळाला. सही करण्यापूर्वी मुदत, प्रदेश आणि मानधनाचा दर या तीन गोष्टी करारात शोधाव्यात, आणि त्यांतली एकही नसेल तर सही करू नये, असे त्यांनी मला बजावले. सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करता येते. पैशांच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे सगळे संदेश मी जपून ठेवले होते, तेच आता उपयोगी पडत आहेत.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हे मला आधी कोणी सांगितले असते, तर मी थांबले असते.

त्याच कार्यशाळेतल्या एका ताईंचा परवा फोन आला. त्यांचाही कवितासंग्रह 'निवडला' गेला आहे आणि दुसरा हप्ता या आठवड्यात भरायचा आहे. मी त्यांना एवढेच सांगितले, की पैसे देण्यापूर्वी छापखान्याचे नाव आणि मुद्रितशोधनाची शेवटची प्रत लेखी मागा. त्यांनी मागितली आहे. अजून उत्तर आलेले नाही, आणि त्यांनी हप्ता भरलेला नाही.